वाचकांचा कौल : उत्तरेकडील दर्यावर्द्यांची एक कुमारकथा

पुस्तकाचा अभिप्राय एकट्या समीक्षकानें लिहावा, अशी रीति आहे. परंतु कुमारांसाठीं लिहिलेल्या पुस्तकाच्या बाबतींत ती अपुरी पडते, असें माझें जुनें मत आहे. पुस्तक वाचावयाचें मुलानें, तें विकत घ्यावें कीं नाहीं हें ठरवावयाचें बापानें, वाचतांना मुलास कांहीं खुपलें तर तें ओळखावयाचें आईनें, आणि त्यावरून पंक्तींत वाद निघाला म्हणजे तो ऐकावयाचा आजी-आजोबांनीं! इतक्या जणांचा ज्या वस्तूशीं संबंध येतो, तिचा निवाडा एकट्यानें करणें न्यायाचें नव्हे. म्हणून या खेपेस एक इंग्रजी कादंबरी आमच्या घरांतील पांच जणांपुढें ठेवून प्रत्येकाचा कौल मीं मागितला. तो कौल, व त्यांतून निघालेला एक वाद, वाचकांच्या सेवेस सादर करीत आहें.

कादंबरीचें नांव ‘द सी ऑफ ट्रोल्स’. ‘ट्रोल’ म्हणजे उत्तर युरोपांतील लोककथांमधील एक राक्षसजाति. तेव्हां नांवाचा अर्थ ‘राक्षसांचा सागर’ असा करावा. लेखिका नॅन्सी फार्मर यांचा जन्म १९४१ सालीं अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांत झाला. १९६३ ते १९६५ या काळांत ‘पीस कोर’ या अमेरिकन स्वयंसेवक-दलाबरोबर त्या आपल्या हिंदुस्थानांत होत्या, व पुढें कित्येक वर्षें त्यांनीं आफ्रिकेंत मोझांबिक व झिंबाब्वे या देशांत काढलीं. दुसऱ्याच्या देशांत राहून दुसऱ्याच्या देवांविषयीं आदरानें बोलण्याची संवय त्यांच्या लेखणीस लागलेली दिसते, ती कदाचित् यामुळेंच असेल. २००२ सालीं त्यांच्या ‘द हाउस ऑफ द स्कॉर्पियन’ या कादंबरीस अमेरिकेंतील नॅशनल बुक ॲवॉर्ड मिळालें. प्रस्तुत पुस्तक २००४ सालीं निघालें. त्याचे पुढील दोन भाग २००७ व २००९ सालीं प्रसिद्ध झाले.

कथानक थोडक्यांत असें. इ. स. ७९३. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील एका सॅक्सन खेड्यांत जॅक नांवाचा अकरा वर्षांचा मुलगा राहतो. गांवाबाहेर राहणारा एक वृद्ध भाट त्यास आपला शिष्य करून घेतो. हा भाट केवळ स्तुतिपाठक नव्हे; मंत्रबळानें धुकें उठविणें, अग्नि चेतविणें अशा विद्या त्यास अवगत आहेत. एके दिवशीं समुद्रावरून लुटारू येतात आणि जॅकला व त्याच्या धाकट्या बहिणीला, ल्यूसीला, पळवून नेतात. टोळीचा नायक ओलाफ हा धिप्पाड, हसरा व तितकाच भयंकर पुरुष. आपली कीर्ति गाणारा कोणी हवा, म्हणून तो जॅकला जिवंत ठेवितो. टोळींत थॉर्गिल नांवाची एक मुलगी आहे. रणांत मरण यावें यापलीकडे तिला दुसरी इच्छा नाहीं. ल्यूसीला आपल्या वाट्याची लूट समजून ती राणीला नजर करावयास निघाली आहे. राजा आयव्हर याची ही राणी अर्धी राक्षसकुळांतली. दरबारांत जॅककडून तिची स्तुति करण्याच्या भरांत असें कांहीं घडतें, कीं तिचे सुंदर केस गळून पडतात! ते परत आण, नाहींतर बहिणीचा बळी देऊं, असा हुकूम सुटतो. मग जॅक, थॉर्गिल व ओलाफ एका कावळ्यास सोबत घेऊन राक्षसांच्या देशांतील मीमिरच्या विहिरीच्या शोधास निघतात. पुढील भाग सांगून वाचकांचा रस मी घालवीत नाहीं. एवढेंच सांगतों, कीं ओलाफ या प्रवासांतून परत येत नाहीं.

पहिला कौल आमच्या नातवाचा. वय वर्षें तेरा. साडेचारशें पृष्ठांच्या आसपासचें हें पुस्तक त्यानें चार दिवसांत संपविलें. त्याचा अभिप्राय मोजका आहे. जहाजावरचीं प्रकरणें उत्तम. सर्पपक्षी-राक्षस, म्हणजे ज्यास ड्रॅगन म्हणतात, त्याचा प्रसंग सर्वांत उत्तम. मात्र आरंभींचा खेड्यांतील भाग त्यास लांबलेला वाटला. “भाट जॅकला नुसता डोंगरावर लांकडें गोळा करावयास लावतो, आजोबा, विद्या लवकर कां शिकवीत नाहीं?” असें त्यानें विचारलें. ज्यानें पस्तीस वर्षें मुलांकडून रूपावली घोकून घेतली, त्यास हा प्रश्न परिचयाचा आहे. आधीं लांकडें, मग अग्नि. गुरुगृहीं समिधा घेऊन जाण्याचा आपल्याकडील क्रमहि हाच होता. लेखिकेनें हा क्रम पाळला याबद्दल मी तिचा आभारी आहें. नातू अर्थात् नाहीं.

याच चिरंजीवांनीं वहीच्या पाठीमागें ओलाफचें एक चित्र काढलें, व त्याच्या शिरस्त्राणाला दोन शिंगें लाविलीं. तेथून आमच्या धाकट्या बंधूंचा अभिप्राय सुरू झाला. त्यांचा इतिहासाचा व्यासंग दांडगा, आणि चूक दिसली म्हणजे त्यांना अन्न गोड लागत नाहीं. त्यांनीं सांगितलें तें असें : शिंगांचें शिरस्त्राण हें वाग्नेर या जर्मन संगीतकाराच्या नाटकांतील वेषभूषेनें रूढ केलेलें आहे; १८७६ सालीं बायरॉइट येथें जो मोठा प्रयोग झाला, त्यापासून तें जगाच्या डोक्यावर बसलें. नॉर्वेंत येर्मुंडबू येथें १९४३ सालीं त्या काळचें खरें शिरस्त्राण सांपडलें. तें लोखंडी, गोल, डोळ्यांभोंवतीं चष्म्यासारखें कवच असलेलें आहे. शिंगांचा त्यास गंधहि नाहीं. चिरंजीवांनीं निमूटपणें शिंगें खोडलीं.

बंधूंचा मुख्य आक्षेप मात्र सालाविषयीं आहे. ७९३ हें साल लेखिकेनें सहज घेतलेलें नाहीं. त्या वर्षीं जून महिन्यांत नॉर्स दर्यावर्द्यांनीं लिंडिस्फार्न या बेटावरील मठ लुटला, भिक्षूंस मारलें, कित्येकांस धरून नेलें. ओहोटीच्या वेळीं पायीं जातां येईल इतकें तें बेट किनाऱ्याजवळ आहे. ६३५ सालीं एडन नांवाच्या साधूनें तेथें मठ स्थापिला होता. ‘लिंडिस्फार्न गॉस्पेल्स’ म्हणून जें सुंदर सचित्र हस्तलिखित आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे, तें याच मठांत आठव्या शतकाच्या आरंभीं सिद्ध झालें. अशा ठिकाणावर घाला पडला, तेव्हां सारें ख्रिस्ती जग हादरलें. शार्लमेन राजाच्या आश्रयास असलेल्या आल्क्विन या पंडितानें पत्रें लिहून शोक केला, आणि हें आपल्याच पापांचें फळ असावें असें सुचविलें. ही लूट कादंबरींत येते, आणि ती योग्य स्थळीं येते. परंतु ‘अस्थिहीन’ या चमत्कारिक उपनांवाचा जो आयव्हर येथें राजा म्हणून दाखविला आहे, तो इतिहासांत ८६५ सालीं इंग्लंडवर उतरलेल्या मोठ्या सैन्याशीं जोडला जातो, आणि आयर्लंडच्या वृत्तांतांप्रमाणें त्याचा मृत्यु ८७३ चा. म्हणजे पाऊणशें वर्षांचें अंतर! “शिवाजीमहाराजांच्या दरबारांत नाना फडणविसांस बसविण्यापैकींच हा प्रकार,” असें बंधु म्हणाले.

आक्षेप खरा आहे. परंतु जेथें राक्षस सिंहासनावर बसतात, तेथें सालांचा हिशेब किती ताणावा, हाहि प्रश्न आहे. मुलास एवढें सांगितलें म्हणजे पुरे, कीं लूट खरी, साल खरें, राजा मागच्या शतकांत ओढलेला. आणि एक गंमत अशी, कीं ज्या जुन्या इंग्रजी बखरींत लिंडिस्फार्नच्या लुटीची नोंद आहे, तिनेंच त्या वर्षीं आकाशांत अग्निमय ड्रॅगन उडतांना दिसल्याचेंहि नोंदविलें आहे. बखरकारास जें वर्ज्य नव्हतें, तें कादंबरीकर्त्रीस कां असावें? यावर बंधूंनीं उत्तर दिलें नाहीं. मान मात्र हालविली.

तिसरा कौल नातीचा. ती सोळा वर्षांची आहे, आणि थॉर्गिल तिला फार आवडली. आवडण्याचें कारण तिनें नीट सांगितलें. कुमारकथांतील मुली एकतर गोड असतात, नाहींतर आधीं उद्धट असून शेवटीं गोड होतात. थॉर्गिल रागीट, हट्टी, मत्सरी आहे. तिला आभार मानतां येत नाहींत. आणि लेखिका तिला कोणाच्या प्रेमांत पाडून मऊ करण्याचा सोपा मार्ग घेत नाहीं. ती बदलते, परंतु स्वतःच्या दुःखाशीं झुंजून बदलते. तिची आई स्वतः पळवून आणलेली सॅक्सन दासी होती, हें कळल्यावर वाचकास तिचा राग समजूं लागतो. नातीचा प्रश्न एवढाच, कीं अशा मुली खरोखर होत्या काय?

याचें उत्तर सावधपणें दिलें पाहिजे. स्वीडनांत बिरका नांवाचें जुनें व्यापारी नगर होतें. तेथील एक थडगें १८७८ सालीं उघडण्यांत आलें. आंत तलवार, परशु, भाले, बाण, दोन ढाली, दोन घोडे आणि सोंगट्या, असा योद्ध्याचा सारा सरंजाम होता. अर्थात् हा पुरुष, असें ठरवून शंभरांहून अधिक वर्षें गेलीं. २०१७ सालीं अस्थींची आनुवंशिक परीक्षा झाली, तेव्हां तो सांगाडा स्त्रीचा ठरला. ती प्रत्यक्ष लढत होती कीं हीं आयुधें केवळ मानाचीं होतीं, याविषयीं पंडितांत एकवाक्यता नाहीं. परंतु तलवार दिसली कीं पुरुष, हें अनुमान एका शतकानंतर का होईना तपासावें लागलें, हा धडा तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यास पुरेसा आहे. नातीस एवढ्यानें समाधान झालें.

तिनेंच आणखी एक गोष्ट दाखविली. ‘जॅक आणि जिल’ हें बालगीत आपल्याकडील इंग्रजी शाळांतील शिशुवर्गांत सर्रास म्हटलें जातें. दोन मुलें डोंगरावर पाणी आणावयास जातात, एवढाच त्याचा विषय. आतां थॉर्गिल या नांवाचा शेवट पाहा, आणि विहिरीच्या पाण्यासाठीं निघालेलीं हीं दोन मुलें पाहा! तेराव्या शतकांत आइसलंडांतील स्नोरी स्टुर्लुसन या पंडितानें नॉर्स पुराणकथांचा जो गद्यसंग्रह केला, त्यांत विहिरीवरून कावडीनें पाणी आणणाऱ्या ह्यूकी व बिल या दोन बालकांस चंद्रानें उचलून नेल्याची कथा आहे. हींच पुढें जॅक व जिल झालीं, असें कित्येकांनीं मानलें आहे. तें सिद्ध झालेलें नाहीं. परंतु लेखिकेनें त्याचा उपयोग मोठ्या खुबीनें केला आहे.

चौथा कौल आमच्या थोरल्या वहिनींचा. त्यांस इंग्रजी येत नाहीं. नात रोज संध्याकाळीं एक-दोन प्रकरणें मराठींत सांगे व त्या वाती वळीत ऐकत. ओडिन देवानें मीमिरच्या विहिरीचें पाणी प्यावयास मिळावें म्हणून आपला एक डोळा दिला, ही मूळ नॉर्स कथा त्यांना पटली. “ज्ञान फुकट मिळत नाहीं, हें त्यांनाहि ठाऊक होतें म्हणावयाचें,” असें त्या म्हणाल्या. यमाच्या दारीं तीन रात्री उपाशी राहिलेला नचिकेता त्यांना आठवला. मृत्यूच्या देशांत विचारावयाला गेलेला मुलगा, ही कल्पना दोन्ही ठिकाणीं आहे. फरक एवढाच, कीं नचिकेता स्वतःसाठीं आत्मविद्या मागतो आणि जॅक बहिणीचे प्राण मागतो. संस्कृत जाणणाऱ्यास येथें आणखीहि एक आनंद आहे. नॉर्स देवांतील ट्यूर याचें नांव आणि आपला ‘देव’ शब्द हे एकाच मूळ धातूचे, असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात. इंग्रजी मंगळवाराच्या नांवांत तो ट्यूर व बुधवाराच्या नांवांत ओडिन अजून बसलेले आहेत.

परंतु वहिनींना एक गोष्ट खटकली, आणि ती इतर कोणाच्या ध्यानांत आली नव्हती. “भावोजी,” त्या म्हणाल्या, “ती पोर सारखी मरण मागते. बारा-तेरा वर्षांच्या पोरीनें मरण मागावें, आणि सगळ्यांनीं त्याला शौर्य म्हणावें, हें मला ऐकवत नाहीं.” रणांत पडलेल्या वीरास ओडिनच्या सभागृहांत, व्हालहालांत, स्थान मिळतें, अशी त्या लोकांची श्रद्धा. आपल्याकडील वीरगतीची कल्पना तिच्याहून फार दूर नाहीं. मोठ्यांच्या तोंडीं ती शोभते. परंतु घरीं प्रेम न मिळालेलें मूल जेव्हां ती कवटाळतें, तेव्हां तिचा अर्थ निराळा होतो. मीं वहिनींना एवढेंच सांगितलें, कीं लेखिकेचें मतहि तुमच्यासारखेंच आहे. जॅकचा भाट त्यास जी विद्या शिकवितो, तिचें सार जीवनशक्तीवर विश्वास ठेवणें हें आहे; आणि थॉर्गिलची मृत्यूची ओढ सैल करणें हेंच या प्रवासाचें गुप्त कार्य आहे. केस परत मिळविणें हें निमित्त. वहिनींनीं शेवटपर्यंत ऐकून “मग बरें” असें म्हटलें. आमच्या घरीं याहून मोठें प्रशस्तिपत्र नाहीं.

आतां पांचवा कौल, व तोच या लेखाचें कारण. सूनबाईंनीं पुस्तक पूर्ण वाचलें, मिटलें, आणि स्पष्ट सांगितलें, “मामंजी, पुस्तक चांगलें लिहिलें आहे, म्हणूनच मला तें मुलांच्या हातीं द्यावेंसें वाटत नाहीं.” त्यांचें म्हणणें असें. ओलाफ हा दरोडेखोर आहे. तो झोपलेल्या गांवांवर घाला घालतो, माणसें मारतो, उरलेलीं बांधून बाजारांत विकतो. हा नुसता कथेंतला प्रकार नव्हे. दासांचा व्यापार हा त्या दर्यावर्द्यांच्या संपत्तीचा एक मोठा झरा होता, आणि आयर्लंडांतील डब्लिन, जेथें त्यांनीं ८४१ सालीं तळ ठोकला, तें पुढें या व्यापाराचें मोठें ठाणें झालें. असा हा ओलाफ लेखिकेनें इतका दिलदार, विनोदी, आपल्या माणसांसाठीं जीव देणारा रंगविला आहे, कीं तो मेल्यावर आपला मुलगा रडला! “ज्यानें दुसऱ्याच्या पोरांना विकलें, त्याच्यासाठीं माझ्या पोरानें रडावें काय? लुटारू हा लुटारूच दिसला पाहिजे.”

हा अभिप्राय एकट्या सूनबाईंचा आहे असें समजूं नये. कुमारांच्या हातीं काय द्यावें याची चिंता वाहणाऱ्या प्रत्येक घरांत तो निघण्यासारखा आहे. आणि त्यास हंसून उडविणें हा मूर्खपणा होईल. चलच्चित्रांतून व खेळांतून या दर्यावर्द्यांचें जें गोंडस रूप आज मुलांपुढें येतें, त्यांत लूट असते पण लुटला गेलेला माणूस नसतो. जळतें गांव असतें पण गांवकरी नसतात. तशा पुस्तकाविरुद्ध सूनबाईंचा आक्षेप पूर्णपणें लागू पडतो.

परंतु या पुस्तकास तो लागू पडतो काय? याचें उत्तर मीं दिलें नाहीं, नातवानेंच दिलें. तो म्हणाला, “आई, मी रडलों हें खरें. पण जॅकला ओलाफ आवडतो, आणि त्यानें काय केलें तें जॅक विसरत नाहीं. दोन्ही एकदम असतें. म्हणूनच तर रडूं येतें.” तेरा वर्षांच्या मुलानें दिलेलें हें उत्तर मीं त्याच दिवशीं टिपून ठेवलें.

कथा पाहिली तर ती त्याच्याच बाजूची साक्ष देते. ती सांगणारी दृष्टि जॅकची आहे. आणि जॅक हा लुटला गेलेल्यांपैकीं आहे. ओलाफची थट्टा ऐकून तो हंसतो, आणि हंसल्याबद्दल स्वतःवर रागावतो. त्याच्या शौर्याचें गीत तो रचतो, आणि तें शौर्य कोणावर गाजविलें गेलें हें त्याच्या मनांतून जात नाहीं. लेखिका ओलाफचा अपराध त्याच्या हास्यानें धुऊन काढीत नाहीं, आणि अपराध दाखविण्यासाठीं त्याचें हास्यहि हिरावून घेत नाहीं. हें कठीण काम आहे. व्यासांनीं कर्णाच्या बाबतींत केलें तें हेंच. कर्णाच्या दानशूरत्वापुढें आपण मान लववितों, आणि द्रौपदीच्या विटंबनेच्या वेळीं सभेंत तो काय बोलला हेंहि विसरत नाहीं. जो मुलगा कर्णासाठीं रडला नाहीं, त्यानें महाभारत वाचलें असें आपण म्हणूं काय? आणि जो कर्णाचें तें बोलणें विसरला, त्यानें तरी तें वाचलें काय?

सूनबाईंनीं यावर विचारलें, “कर्ण आपला आहे. परक्या लुटारूंविषयीं ही सहृदयता शिकून मुलांचा काय उपयोग?” प्रश्न मार्मिक होता, आणि त्याचें उत्तर देण्यासाठीं मला नॉर्वे सोडून बंगालकडे वळावें लागलें.

नागपूरकर रघुजी भोसल्यांचे घोडेस्वार १७४२ पासून बंगाल्यांत शिरूं लागले. त्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर. अलिवर्दीखान या नबाबानें १७४४ सालीं मनकरा येथें त्यांस भेटीस बोलावून दग्यानें ठार केलें. हा दगा आमच्या इतिहासग्रंथांत संतापानें सांगितलेला असतो, व तें योग्यच आहे. पुढें १७५१ सालीं तह होऊन बारा लाख रुपये वार्षिक चौथाई ठरली. ही झाली आमच्या बाजूची हकीकत. आतां तीच बंगालच्या बाजूनें पाहा. गंगाराम नांवाच्या कवीनें ‘महाराष्ट्रपुराण’ या नांवाचें एक बंगाली काव्य रचलें आहे. त्यांत या स्वाऱ्यांमध्यें गांवें कशीं जळलीं, लोक कसे पळाले, स्त्रियांची काय दुर्दशा झाली, याचें वर्णन आहे. कलकत्त्याच्या इंग्रजांनीं मराठ्यांच्या भयानें खणलेला खंदक ‘मराठा डिच’ या नांवानें प्रसिद्ध झाला. आणि बंगाली माता मुलाला झोपवितांना जें अंगाईगीत आजहि म्हणतात, त्यांत ज्यांच्या येण्याची भीति आहे ते ‘बर्गी’ म्हणजे आपलेच बारगीर, सरकारी घोड्यावर बसून चाकरी करणारे आपल्या मुलखांतील स्वार!

म्हणजे लिंडिस्फार्नच्या भिक्षूंना जसा ओलाफ, तसे बर्दवानच्या शेतकऱ्याला आपण. भास्करपंत आपल्या घरीं स्नानसंध्या करणारे, आश्रितांवर माया करणारे गृहस्थ असतील. त्यांच्या माणसांनीं त्यांच्यासाठीं अश्रु ढाळले असतील. आणि बंगालच्या पाळण्यांत भीतीचें नांव मात्र बर्गी हेंच राहिलें. हीं दोन्ही वाक्यें एकाच वेळीं उच्चारण्याची ज्या मुलास संवय नाहीं, तो मोठेपणीं दोहोंपैकीं एक टाकून देतो. एक टाकलें तर तो आपल्या पूर्वजांच्या पोकळ पोवाड्यांत रमतो. दुसरें टाकलें तर पूर्वजांचा तिरस्कार करूं लागतो. दोन्ही घरांची वाताहत मीं पाहिली आहे. ही संवय आपल्याच इतिहासावर प्रथम लावणें मुलास जड जातें, कारण तेथें अभिमान आड येतो. हजार-बाराशें वर्षांपूर्वींच्या परक्या समुद्रावर ती सोपी होते. परक्या लुटारूंच्या कथेचा उपयोग तो हा.

सूनबाईंनीं विचार करून जो निर्णय दिला, तोच या घराचा कौल म्हणून मी नमूद करितों. पुस्तक घरांत राहील. परंतु बारा वर्षांच्या आंत तें मुलाच्या हातीं द्यावयाचें नाहीं, कारण लुटीचीं व बळीचीं वर्णनें कोवळ्या मनास सोसणार नाहींत. पहिल्या वाचनाच्या वेळीं घरांतील एकानें तरी तें वाचलेलें असावें. आणि मुलानें एकट्यानें मिटक्या मारीत वाचून कपाटांत ठेवावें असें हें पुस्तक नव्हे. त्यावर पंक्तींत बोलणें झालें पाहिजे.

गुणदोषांचा हिशेब मांडावयाचा तर असा. भाषा स्वच्छ, संवाद चुरचुरीत, पुराणकथांचें ज्ञान सखोल, मुलांच्या मनाची जाण फार चांगली. दोष : मध्यंतरीं प्रवास लांबतो, कालगणना सैल आहे, आणि सॅक्सन, नॉर्स, ख्रिस्ती अशा तीन परंपरांचे धागे कांहीं ठिकाणीं इतके गुंतले आहेत, कीं नवख्या वाचकास कोणता देव कोणाचा हें उमगत नाहीं. यासाठीं स्नोरीच्या संग्रहांतील कथांचा एखादा सोपा गोषवारा मुलास आधीं सांगावा; दोन संध्याकाळींचें काम आहे.

शेवटीं पालकांस एक सूचना. ओलाफच्या मरणाचें प्रकरण संपलें म्हणजे मुलास लगेच कांहीं समजावून सांगूं नये. त्यास रडूं द्यावें. दुसऱ्या दिवशीं जेवतांना दोन प्रश्न सहज विचारावे : ओलाफ मेल्यावर कोणकोण रडलें असेल? आणि त्या बातमीनें कोणास सुटल्यासारखें वाटलें असेल? मुलानें दोन्ही याद्या केल्या, तर पुस्तकाचे पैसे वसूल झाले असें समजावें. एकच केली, तर दुसरी करीपर्यंत त्यास वाढप थांबवूं नये, पण प्रश्नहि सोडूं नये.